केळीचा धूर आणि पहाटेचे आठशे मीटर

हे प्रकरण एकवीस वर्षांच्या एका मुलीचं आहे. जळगाव जिल्ह्यातला यावल तालुका, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, घरची थोडी केळी आणि थोडी कपाशी. बी.ए. झालेली, पोलीस भरतीच्या तयारीत. ग्राउंडवर येणाऱ्या मुलींत वयाने मोठी, म्हणून सगळे तिला ताई म्हणतात. इथेही तेच चालवतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. मी त्या भागातला क्रीडाशिक्षक. शाळेच्या मैदानावर भरतीची पोरं-पोरी सरावाला येतात, त्यांचं टायमिंग घेणं आणि चुकतंय तिथे बोलणं हे माझं काम.

भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक असते. पन्नास गुणांपैकी वीस एकट्या आठशेचे. 2 मिनिटं 50 सेकंदांत किंवा त्याआधी आलं तर पूर्ण वीस, पुढे टप्प्याटप्प्याने गुण उतरत जातात. ताईचं टायमिंग पावसाळ्यात तीन मिनिटांच्या थोडं वर होतं. दिवाळीच्या सुमारास ते तीनच्या आत आलं. मग मार्गशीर्षात थंडी उतरली आणि घड्याळ उलटं फिरायला लागलं. डिसेंबरच्या शेवटी ती जुलैपेक्षाही मागे होती. जोडीला खोकला. धावून थांबली की पाच-सात मिनिटांत छाती आवळल्यासारखी व्हायची, कोरडा खोकला सुटायचा, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजायची. घरी पोचेपर्यंत सगळं गायब.

आधी काय काय करून झालं

पहिला इलाज कपड्यांचा. आतून भावाचा सुती टी-शर्ट, वर लोकरीचं स्वेटर, त्यावर जाड जॅकेट, डोक्याला कानटोपी. दुसरा इलाज स्वयंपाकघराचा: हळद-दूध, ओव्याची पुरचुंडी, गूळ-सुंठ, रात्री छातीला बाम. आजीने केळी बंद केली, कारण केळ्याने कफ होतो. केळीच्या बागेत राहणाऱ्या पोरीला केळं बंद! तिसरा इलाज मेडिकलवाल्याचा, खोकल्याच्या बाटलीचा. चौथा ग्राउंडवरच्या सीनियर पोरांचा: "दम कमी पडू राहिला, राउंड वाढव." या चारांत सगळ्यात घातक चौथा. श्वासनलिका आवळत असताना राउंड वाढवले तर दम वाढत नाही, त्रास वाढतो. आणि मुलगी मनाची खच्ची होते, ते वेगळंच.

आजीचं म्हणणं तर सरळ होतं. "एवढ्या थंडीत कुठे धावू राहिली व पोरी, छाती भरीन ना." आजीचा तर्क पूर्ण चूक नव्हता. फक्त छातीत थंडीपेक्षा दुसरंच काहीतरी भरत होतं.

एका दवाखान्यात छातीची तपासणी झाली, फुंकर मारायची मशीनची चाचणी झाली, सगळं नॉर्मल आलं. टेन्शन घेऊ नका, असं सांगून परत पाठवलं. दुपारी बारा वाजता खुर्चीवर बसवून घेतलेली चाचणी नॉर्मल येणारच होती. त्रास पहाटे साडेपाचला, धावून थांबल्यावर होत होता आणि अर्ध्या-पाऊण तासात जात होता. डॉक्टरांसमोर तो कधी आलाच नाही.

खानदेशातली थंडी म्हणजे काय

थंडीतल्या व्यायामाबद्दल वाचायला गेलं की बर्फ, हिमदंश, गोठलेल्या बोटांची वर्णनं येतात. आपल्याकडे त्यातलं काहीच लागू नाही. सातपुड्यात उंचावरच्या तोरणमाळला कधीमधी दवबिंदू गोठतात, त्याची बातमी होते, पण जळगाव-धुळ्याच्या मैदानात पारा फार घसरला तरी शून्याच्या बराच वर थांबतो. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट. आपल्याकडे बहुतेक हिवाळ्यांत असे काही दिवस येतात. धावणाऱ्या तरुण शरीराला 8 अंश हे काही संकट नाही. आठशे मीटरसाठी ते उन्हाळ्यातल्या 44 पेक्षा कितीतरी बरं.

मग त्रास कशाचा? तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली, हवेचा कोरडेपणा. पहाटे गवतावर दव असतं, त्यामुळे हवा ओलसर आहे असं वाटतं. पण 8 अंशांची हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरात जेमतेम 8 ग्रॅम पाण्याची वाफ धरते. फुप्फुसात पोचेपर्यंत ती 37 अंशांची आणि पूर्ण दमट व्हावी लागते, म्हणजे घनमीटरमागे सुमारे 44 ग्रॅम. मधला फरक श्वासनलिकेच्या ओलाव्यातून भरला जातो. चालताना नाक हे काम आरामात करतं. जोरात धावताना तोंड उघडतं, मिनिटाला पन्नास-साठ लिटर किंवा त्याहून जास्त हवा आत जाते आणि नाकाचं काम खालच्या नळ्यांवर पडतं. त्या कोरड्या पडतात. ज्यांच्या नळ्या मुळात नाजूक, त्यांच्यात हिस्टामिनसारखी द्रव्यं सुटतात आणि नळीभोवतीचा स्नायू आवळतो. हे आवळणं धावताना कमी आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सगळ्यात जास्त असतं. ताईची घरघर नेमकी त्याच वेळेला.

दुसरी, वेळ. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि दिवसातला सगळ्यात थंड क्षण पहाटे चारचा नसून उजाडतानाचा असतो. म्हणजे पाच ते सात हा दोन तासांचा पट्टा निवडणं म्हणजे चोवीस तासांतला सर्वांत थंड तुकडा शोधून काढणं. पहाटे पाचला धावणाराच खरा, हा समज कोणी रुजवला ठाऊक नाही. पण त्याला शरीरशास्त्राचा आधार नाही. त्यामागे शेताची, म्हशीच्या धारेची आणि मुलींच्या बाबतीत गावाच्या नजरेची सोय आहे. ही सोय खरी आहे, तिला हसून भागत नाही. पुढे त्यावर येतो.

तिसरी गोष्ट धूर. या प्रकरणाची गाठ इथेच होती.

धूर कुठून आला

केळीला थंडी सोसत नाही. पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, अडकते, घडाची फुगवण रखडते. शेतकरी याला चरका म्हणतात. त्यावर रात्री बागेला पाणी देणं आणि बांधावर ओला पालापाचोळा, केळीचे वाळके पत्ते पेटवून धूर करणं हे रावेर-यावलकडचे नेहमीचे उपाय. थंडीची लाट आली की मध्यरात्रीनंतर बांधाबांधावर ढिगारे धुमसायला लागतात.

निरभ्र आकाश, थांबलेला वारा, जमीन झपाट्याने थंड होते, सातपुड्याच्या उतारावरून थंड हवा तापीच्या खोऱ्याकडे सरकते आणि खाली साचते. वर उबदार थर, खाली थंड. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. खालचा धूर वर जात नाही, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर पसरून राहतो. बागायतदाराला नेमकं हेच हवं असतं. त्यात वेचणी झालेल्या शेतांतल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, पेटवलेल्या, चौकात टायर घातलेली शेकोटी आणि उकिरड्यावरचा जाळ यांची भर. ताई धावायची तो रस्ता दोन्ही बाजूंनी केळीच्या बागांतून जाणारा. त्यातली एक बाग तिच्या वडिलांची. बांधावरचा ढीग आप्पा स्वतः पेटवायचे आणि दीड-दोन तासांनी त्यांची लेक तिथूनच तोंड उघडं ठेवून धावत जायची.

हे लगेच लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते तिच्या वहीमुळे. तारीख, टायमिंग आणि शेरा लिहायची तिला सवय. शेऱ्यांत एक विसंगती दिसली: काही थंड पहाटेला खोकला नाही, काही कमी थंड पहाटेला भरपूर. नुसत्या थंडीने हे जुळत नव्हतं. वारा असलेल्या पहाटे ती बरी असायची. वारा पडलेल्या रात्रीनंतर वाईट. आणि एकदा आत्याकडे कार्याला गेली असताना तिथल्या उघड्या माळावर तितक्याच थंडीत धावली, तर नुसतं नाक गळलं.

मोजून पाहिलं

जळगावच्या एका छातीच्या डॉक्टरांकडे तिला आईसोबत पाठवलं. त्यांनी वही बघितली आणि पहिला प्रश्न मुलीला न विचारता आईला विचारला: लहानपणी काही? आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बाळदमा होता, दर पावसाळ्यात वाफ द्यावी लागायची, नंतर गेला. हे घरात कोणी बोलत नव्हतं, कारण उद्या सोयरीक जुळवताना "दम्याची पोरगी" असा शब्द मागे लागला असता. अशी माहिती दडवण्यात वाईट हेतू नसतो. पण तिच्या उपचाराची किल्ली तिथेच होती.

डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर दिलं. हातात मावणारी नळी, जोरात फुंकर मारली की काटा सरकतो. धावण्याआधी एक नोंद, मग थांबल्यावर पाच, दहा, पंधरा आणि तीस मिनिटांनी. नोंदी तीन प्रकारच्या परिस्थितीत घ्यायच्या: नेहमीच्या रस्त्यावर पहाटे, मैदानावर सकाळी आठनंतर, आणि मैदानावर संध्याकाळी. प्रत्येक वेळी तेवढंच अंतर, तोच जोर.

पहाटेच्या रस्त्यावर फुंकर दहाव्या मिनिटाला पाचव्या हिस्स्याहून जास्त घसरायची. सकाळी आठनंतर घसरण निम्म्यावर. संध्याकाळी आणखी थोडी कमी, पण शून्य नाही.

संध्याकाळचा आकडा माझ्या मते सगळ्यात बोलका. जानेवारीत आपल्याकडे संध्याकाळी पाचला 26-27 अंश असतात आणि सापेक्ष आर्द्रता तीसच्या आसपास. ग्रॅमच्या हिशेबात ही हवा पहाटेइतकीच कोरडी, घनमीटरमागे आठेक ग्रॅम. म्हणजे नुसता कोरडेपणाच दोषी असता तर संध्याकाळीही तितकाच त्रास झाला असता. तसं झालं नाही. थोडा त्रास उरला, म्हणजे नळ्या नाजूक आहेत आणि कोरड्या हवेचा वाटा आहे. मोठा फरक पडला तो धूर आणि गारठा दोन्ही वजा झाल्यावर. त्यातला वाटा वेगळा काढायचा तर आत्याच्या माळावरची नोंद हाताशी होती: तितकीच थंडी, धूर नाही, त्रास नाममात्र.

डॉक्टरांनी निदान केलं: व्यायामाने श्वासनलिका आवळण्याची प्रवृत्ती, मुळाशी लहानपणचा दमा. आकड्यांशिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, रात्री काय जेवते आणि किती वाजता. हिवाळा म्हणजे आपल्याकडे भरीत पार्ट्यांचा मोसम. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. दहाला हे पोटात आणि पाचला आठशे मीटर, तर आंबट पाणी घशाशी येणारच, त्यानेही खोकला उठतो. ताईच्या बाबतीत हा मुद्दा छोटा निघाला; पण ग्राउंडवरच्या दोन मुलांचा "थंडीचा खोकला" जेवणाची वेळ अलीकडे आणल्यावर थांबला, म्हणून सांगून ठेवतो.

वेळ बदलणं: सगळ्यात सोपा उपाय, सगळ्यात अवघड वाटाघाट

कागदावर उपाय एका ओळीचा: पाचऐवजी पावणेआठ. ऊन जमिनीवर आलं की जमीन तापते, झाकण उघडतं, धूर वर निघून जातो. ग्रामीण शाळा साडेदहा-अकराला भरते, मैदान तोवर रिकामं. पण ताईच्या घरात पावणेआठ ही कामाची वेळ. आईचं म्हणणं असं: "सर, पाचला निघते ती सातच्या आत घरात असते. मग भाकरी, गुरं, अन् नऊला कापूस वेचायला शेतात. आठला धावायला गेली तर हे सगळं कोण करीन?" दुसरं त्यांनी बोलून दाखवलं नाही ते मीच सांगतो. अंधारात पोरगी ट्रॅक पँट घालून धावते हे कोणाला दिसत नाही. उजेडात दिसतं.

मी आईला शरीरशास्त्र सांगत बसलो नाही. पीक फ्लोची वही दाखवली. पहाटेच्या पानावर झपाट्याने उतरते आकडे, सकाळच्या पानावर उतार निम्मा. मग हिशेब मांडला: रोज जोरात धावायची गरजच नाही. आठवड्यातून तीन दिवस कठीण सराव, बाकीचे दिवस हलका. कठीण सराव सोमवार, बुधवार, शुक्रवारी पावणेआठला मैदानावर. बाकी दिवशी संध्याकाळी पाचला, शेतातून आल्यावर, शंभर मीटरचे तुकडे आणि गोळा. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेवढा वेळ पुरतो. त्या तीन दिवशी भाकरी भावाने थापायच्या की आईने लवकर उठायचं, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी भावाने गुरांचं काम घेतलं. भाकरी त्याला अजून येत नाहीत.

नजरेचा प्रश्न गटाने सुटला. एकटी मुलगी दिसते, सात मुली मिळून आल्या की ती शाळेची प्रॅक्टिस वाटते.

अंधारातून उजेडात आल्याचा एक फायदा मी मुद्दाम मोजलेला नव्हता. गावचा रस्ता पुढे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाला मिळतो. हिवाळ्यात त्यावर केळीचे ट्रक, कापसाच्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर. पोरांचे ट्रॅकसूट काळे किंवा निळे. ताशी 60 वेगाची गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे येते. ड्रायव्हरला काळा ट्रॅकसूट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. जी पोरं अजूनही पहाटे रस्त्यावर धावतात त्यांना एवढंच सांगितलंय: समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने धावा, अंगावर पांढरं किंवा चमकती पट्टी हवी, कानात हेडफोन नको. काही ऐकतात.

कपडे, रुमाल आणि शेकोटी

सुती टी-शर्ट, स्वेटर, जाड जॅकेट ही रचना उलटी आहे. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. दुसऱ्या राउंडलाच आतून ओलं, वर जॅकेटने कोंडलेलं. थांबली की तोच ओला कपडा पाठीला चिकटून अंग गार करतो. ताईला तिच्याच कॉलेजच्या स्पोर्ट्स डेची पॉलिस्टरची जर्सी आत घालायला लावली, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, चेन अर्धी उघडी. स्वेटर सुटलं, ते थांबल्यावर घालायला पिशवीत. हातमोजे नव्हते, जुने पायमोजे चालले. अंदाज असा ठेवायचा की घराबाहेर पडताना पहिली पाच मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. उंबऱ्यातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले. कानटोपी राहू दिली, कान दुखतात म्हणून. पण शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे खरं नाही. डोकं अंगाच्या जेवढं हिस्सा, साधारण तेवढीच, दहाव्या हिस्स्याच्या आसपास.

तोंडावर रुमाल मात्र कामाचा. सैल बांधलेला पातळ स्टोल. सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल कापडात राहते, पुढचा श्वास त्यातून येतो. वॉर्म-अप आणि हलक्या राउंडला तो पुरतो. पूर्ण जोराच्या आठशेला गुदमरायला होतं, तिथे काढायचा. धुरासाठी हा रुमाल उपयोगी नाही हे तिला दोनदा सांगावं लागलं. धुरातले बारीक कण 2.5 मायक्रॉनचे आणि त्याहूनही लहान. ओढणीच्या विणीतून ते सरळ आत जातात.

वॉर्म-अप आधी नावापुरता होता. हात फिरवले, दोन उड्या, चला. आता तो पंधरा मिनिटांचा आहे. आधी पाच मिनिटं चालणं आणि मंद धावणं, मग सांधे मोकळे, मग अर्ध्या मिनिटाच्या जोरदार धावा, मध्ये दम घेत. हे तुकडे महत्त्वाचे. दम्याची प्रवृत्ती असलेल्या बऱ्याच जणांत अशा छोट्या धावांनंतर श्वासनलिका तासा-दोन तासांपुरती कमी संवेदनशील होते. सगळ्यांत होत नाही, ताईत झाली. आणि दमा नसला तरी थंड स्नायू ताणला की शंभर मीटरला मांडीच्या मागचा स्नायू धरतो, हे प्रत्येक हिवाळ्यात कोणा ना कोणाचं होतं.

धावून झाल्यावरची सवय बदलणं मला जास्त जड गेलं. पोरं थांबली की शेकोटीभोवती कोंडाळं करतात. गप्पा तिथेच, टायमिंगच्या बढाया तिथेच. पण नळ्या सगळ्यात घट्ट आवळण्याची पाच-दहा मिनिटं नेमकी तीच, आणि त्या मिनिटांत टायर आणि प्लास्टिकचा धूर छातीत. शिवाय नायलॉन-पॉलिस्टरचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. नियम केला: थांबल्यावर आठ-दहा मिनिटं चालायचं, ओली जर्सी काढून कोरडा कपडा आणि स्वेटर, मग कोमट पाणी. थंडीत तहान कमी लागते, लघवी मात्र जास्त होते, त्यामुळे पोरं दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं, एवढी खूण सगळ्यांना कळते.

टाचांच्या भेगा हा लहान वाटणारा पण टायमिंग खाणारा त्रास. भेगाळलेल्या टाचेने पोरगी पाय वेगळा टाकते आणि गुडघा धरतो. रात्री कोमट पाण्यात पाय, पुसून व्हॅसलीन, वर मोजे. महाग क्रीम लागत नाही.

पंप

डॉक्टरांनी श्वासातून घ्यायचं औषध लिहून दिलं: एक नियमित, नळ्यांची सूज कमी करणारं, आणि एक धावण्याच्या पंधरा मिनिटं आधी घ्यायचं. कोणतं, किती, हे मी इथे लिहीत नाही. ते तिच्यासाठी आहे. गावात याला पंप म्हणतात आणि पंपाची सवय लागते, म्हातारपणी घ्यायचा असतो, असं सगळं म्हणतात. मुलांमध्ये आणखी एक कुजबुज: पंप म्हणजे डोपिंग. दम्याच्या पंपातलं सॅल्ब्युटामॉल जागतिक उत्तेजकविरोधी नियमांतही ठरलेल्या मर्यादेत, श्वासातून घ्यायला चालतं. मर्यादा 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅम. एका फवाऱ्यात बहुधा 100 असतात. त्यामुळे तो प्रश्न नाही. आईची भीती वेगळी होती आणि ती वादाने जाणारी नव्हती. पंप पर्सच्या आतल्या कप्प्यात असतो, एवढ्यावर तडजोड झाली.

एक इशारा इथेच देतो. ताई एकवीसची आहे. त्याच रस्त्यावर पन्नाशी-साठीचे नाना-अण्णाही पहाटे चालायला निघतात, बऱ्याच जणांना बीपी आहे. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. चढावर चालताना छातीत मध्यभागी दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, थांबल्यावर बरं वाटणं, हे "गॅस" म्हणून सोडून द्यायचं नाही. ते प्रकरण वेगळं, तिथे पीक फ्लो मीटरचा उपयोग नाही, ईसीजी काढायचा आणि त्याच दिवशी.

पुढे

जानेवारीअखेर ताई परत तीनच्या आत आली. पण भरतीची मैदानी चाचणी बहुतेक पहाटेच सुरू होते. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर अंधारात रांग लागते. तिथे पावणेआठची मागणी चालणार नाही. म्हणून आता दर रविवारी एक सराव मुद्दाम पहाटे सहाला ठेवला आहे: बागांपासून दूर, गावाबाहेरच्या उघड्या माळावर, पूर्ण वॉर्म-अप, पंप आणि रुमालासह, रांगेत अर्धा तास उभं राहून मग धावायचं अशी नक्कल करून. पहिल्या रविवारी दहाव्या मिनिटाला थोडी घसरण आली, शिट्टी नाही. नंतरच्या नोंदी त्याहून बऱ्या.

धुराचं म्हणाल तर आप्पांशी मी वाद घातला नाही. घड वाचवायचे की हवा, हा प्रश्न त्यांना विचारायचा अधिकार मला नाही. त्या घडांवरच भरतीचा फॉर्म भरला गेलाय. त्यांनी मात्र स्वतःहून रस्त्याकडच्या बांधावरचा ढीग बंद केला आणि त्या बाजूला रात्रीच्या पाण्याची पाळी वाढवली. वीज रात्रीची येते तेव्हाच हे जमतं. शेजारच्या बागांतले ढीग आहेत तसेच आहेत.

पंप होळीपर्यंत चालू ठेवायला सांगितलाय, रात्री उबदार झाल्या की डॉक्टर पुन्हा फुंकर तपासून मात्रा ठरवतील. ग्राउंडची तारीख अजून लागलेली नाही.